जुना प्रोग्रॅम, नवा लॅपटॉप: कंटेनरमधून खिडकी कशी उघडायची

मी परभणीत पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नकाशे करते. शेततळं कुठे बसेल, बांध किती लांबीचा होईल, नाल्यातून माती किती निघेल, असली कामं. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये चालणारं एक प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, आमच्याकडे आहे. गट नंबर निवडला की बांधाची लांबी आणि मातीकामाचे घनमीटर काढून देतं. कुणीतरी कधीतरी लिहून दिलेलं, लिहिणारा आता कुठे आहे कुणाला माहीत नाही, आणि ते फक्त क्यूजीआयएस २.१८ वर चालतं.

गेल्या पावसाळ्यात विजेचा झटका बसला आणि ते ज्यावर चालायचं तो डेस्कटॉप गेला. डिस्क वाचली. नवा लॅपटॉप आला, त्यावर नवी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि तिथे २.१८ काही केल्या बसेना. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३.० आलं तेव्हा ते पायथन २ सोडून पायथन ३ वर गेलं, त्यामुळे जुनी प्लगइनं जशीच्या तशी नव्यात चालत नाहीत. प्लगइन नव्यानं लिहून घ्यायला पैसा नाही, आणि उन्हाळ्याच्या आत अंदाजपत्रकं द्यायची. शेवटी कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमला लिनक्सच्या आत वेगळी खोली देणं, हा मार्ग सापडला, पण दोन आठवडे डोकेफोड करून. ती तुमची वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच. इथल्या कमांड मी फोनवर सांगते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे घ्या. डॅश, टिंब, कोलन, तिरपी रेघ आणि रिकामी जागा मात्र दाखवली आहे तिथेच.

१. आधी बघा, याची गरज आहे का

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी असेल तर इथेच थांबा आणि फ्लॅटपॅक (लिनक्सवर तयार प्रोग्रॅम बसवण्याची सोय) वापरा. फ्लॅटहबवरून इन्कस्केप, लिब्रेऑफिस, गिंप असं बरंच काही दोन कमांडीत येतं, मेन्यूत आयकॉनही लागतो. खालची उस्तवार करायची ती तीन कारणांसाठी: विशिष्ट जुनी आवृत्तीच हवी आहे, एखादा प्रोग्रॅम मुख्य सिस्टिमला हात न लावता वापरून बघायचा आहे, किंवा तयार केलेली मांडणी जशीच्या तशी चार लॅपटॉपवर न्यायची आहे.

हमखास विचारला जाणारा प्रश्न: "ताई, आमचं जुनं मराठी टायपिंगचं विंडोजचं सॉफ्टवेअर यात चालेल का?" नाही. कंटेनर तुमच्याच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वापरतो. विंडोजच्या प्रोग्रॅमला वाइन किंवा व्हर्च्युअल मशीन लागेल.

फरक असा समजा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे दुसऱ्या प्लॉटवर बांधलेलं अख्खं घर, बोअरसकट. कंटेनर म्हणजे तुमच्याच वाड्यातली भाड्यानं दिलेली खोली. चूल वेगळी, भांडी वेगळी, दाराला कडी वेगळी, विहीर मात्र सगळ्यांची एक. म्हणून तो हलका. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो.

२. जवळ काय काय हवं

- ६४ बिटची लिनक्स. मी उबुंटू धरून लिहिते आहे, डेबियनवरही हेच.
- डिस्कवर किमान पाच जीबी मोकळी जागा.
- इंटरनेट. उबुंटू १८.०४ ची मूळ इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, तीसेक एमबीच्या आत आहे, पण क्यूजीआयएस आणि त्याचा गोतावळा शेकड्यांनी एमबी उतरवतो. मोबाइलच्या रोजच्या डेटावर हे करायचं तर रात्री बाराच्या आधी थोडं, नंतर थोडं, असा हिशोब ठेवा.
- सिस्टिमचा पासवर्ड, कारण पॉडमन (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) बसवताना एकदा सुडो (मुख्य अधिकारानं कमांड चालवणारा शब्द) लागेल.
- पेनड्राइव्ह, एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.
- जुन्या मशिनमधलं प्लगइन. क्यूजीआयएस २ ची प्लगइनं होममधल्या लपलेल्या .क्यूजीस२ या फोल्डरात, त्यात पायथन, त्यात प्लगइन्स, अशी असतात. जुनी डिस्क फेकायच्या आधी हे फोल्डर काढून घ्या.

३. पॉडमन बसवा

कंटेनर चालवणारा डॉकर हा प्रोग्रॅम २०१३ मध्ये आला आणि गाजला, त्यामुळे इंटरनेटवरची बहुतेक माहिती त्याचीच आहे. पण एकट्याच्या लॅपटॉपवर माझं मत पॉडमनला. डॉकर सुडोशिवाय चालवायचा तर सहसा स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये घालतात, आणि त्या ग्रुपमधला माणूस म्हणजे जवळपास रूटच, सगळे अधिकार असलेला युजर. पॉडमन साध्या युजरनं, पाठीमागे कुठलीही सेवा चालू न ठेवता चालतो. कमांड जवळजवळ सारख्या आहेत.

सुडो एपीटी इन्स्टॉल पॉडमन

सोबत एक्स११-एक्ससर्व्हर-युटिल्स हे पॅकेजही घ्या, पडद्याची परवानगी देणारी एक्सहोस्ट कमांड त्यात येते. मग आयडी -यू ही कमांड द्या. उत्तर बहुधा १००० येईल. पहिलाच युजर असाल तर येतंच. वेगळा आकडा आला तर पुढे जिथे जिथे १००० आहे तिथे तो घाला.

४. खिडकी येते कशी, हे एकदा समजून घ्या

हा भाग गाळू नका. मी गाळला होता आणि त्यातच दोन आठवडे गेले. इंटरनेटवरची एकेक ओळ चिकटवत बसले. एक चालायची, दुसरी नाही, का ते कळायचं नाही.

लिनक्सवर प्रोग्रॅम स्वतः पडद्यावर काही काढत नाही. पडदा एका वेगळ्या सर्व्हरच्या ताब्यात असतो. प्रोग्रॅम त्याला निरोप पाठवतो, "इथे एवढी खिडकी काढ, तिथे ही अक्षरं लिही". जुन्या प्रोग्रॅमांसाठी हा सर्व्हर म्हणजे एक्स. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि अजून तिच्यावर गाडं चालू आहे. नव्या उबुंटूत वेलँड असतो, पण जुन्यांसाठी त्याच्या पोटात एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर चालतो. क्यूजीआयएस २.१८ ला वेलँड माहीतच नाही, तेव्हा आपल्याला एक्सशीच बोलायचं आहे.

खोलीतल्या भाडेकरूला बाहेरच्या पडद्यावर चित्र काढायचं तर तीन गोष्टी लागतात.

पहिली, दार. एक्स सर्व्हर एका सॉकेट फाइलमधून ऐकतो. ती /टीएमपी/.एक्स११-युनिक्स या फोल्डरात असते, नाव एक्स० किंवा एक्स१, एक्स सगळीकडे कॅपिटल. कंटेनरला हे फोल्डर दिसतच नाही, ते आपण आत जोडून द्यायचं.

दुसरी, दाराचा नंबर. तो डिस्प्ले नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतो, सगळी अक्षरं कॅपिटल. टर्मिनलमध्ये एको $डिस्प्ले म्हणा. कुणाकडे :० येतं, कुणाकडे :१. लेख बघून डोळे मिटून :० लिहू नका. माझ्याकडे :१ होतं.

तिसरी, ओळख. दारावर रखवालदार आहे. तो दोन प्रकारे आत सोडतो: तुमच्याकडे कुकीची फाइल असेल तर, किंवा समोरचा कोणत्या युजर क्रमांकाचा आहे हे बघून. बहुतेक लेख पहिली वाट सांगतात, होममधली .एक्सऑथॉरिटी फाइल आत जोडा म्हणून. वेलँडच्या ग्नोममध्ये (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) ती फाइल होममध्ये नसतेच, /रन/युजर/१००० मध्ये असते आणि दर लॉगिनला तिचं नाव बदलतं. आज चाललेलं उद्या सकाळी बंद, हे त्यामुळे. दुसरी वाट सरळ आहे. कंटेनरमधला प्रोग्रॅम तुमच्याच युजर क्रमांकानं चालवा, रखवालदार घरचा माणूस समजून सोडतो.

दार, नंबर, ओळख. खिडकी आली नाही की या क्रमानं बघायचं.

५. इमेजची कृती लिहा

होममध्ये जुनेक्यूजीआयएस असं फोल्डर करा आणि त्यात कंटेनरफाइल नावाची साधी मजकूर फाइल, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी एक्स्टेन्शन नको. नॅनो किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहा. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये डॅश आणि अवतरणचिन्हं आपोआप बदलतात आणि मग चूक सापडत नाही. आत या ओळी:

फ्रॉम डॉकर.आयओ/लायब्ररी/उबुंटू:१८.०४
एन्व्ह डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह
एन्व्ह लँग=सी.यूटीएफ-८
रन एपीटी-गेट अपडेट && एपीटी-गेट इन्स्टॉल -वाय एक्स११-ॲप्स फॉन्ट्स-लोहित-देवा
रन एपीटी-गेट अपडेट && एपीटी-गेट इन्स्टॉल -वाय क्यूजीस पायथन-क्यूजीस
रन युजरॲड -एम -यू १००० नकाशा
युजर नकाशा
सीएमडी क्यूजीस

फ्रॉम, एन्व्ह, रन, युजर, सीएमडी हे सुरुवातीचे शब्द आणि डेबियन_फ्रंटएंड, लँग ही नावं कॅपिटलमध्ये. यूटीएफ कॅपिटल, त्याच्या आधीचा सी पण कॅपिटल. प्रोग्रॅमचं आणि पॅकेजचं नाव मात्र छोट्या अक्षरांत: क्यू, जी, आय, एस.

यातला एकेक शब्द कशासाठी, ते सांगते.

१८.०४ च का? कारण तिच्या साठ्यात २.१८ आहे. एप्रिल २०१८ ची ही आवृत्ती, तिचा नेहमीचा पाठिंबा २०२३ मध्ये संपला, पण पॅकेजं अजून उतरतात. डेबियनच्या जुन्या आवृत्त्या घ्याल तर त्यांचा साठा आर्काइव्ह सर्व्हरवर हलवलेला असतो, आणि पत्ता हातानं बदलेपर्यंत अपडेट फसतं.

नावाच्या आधी डॉकर.आयओ/लायब्ररी का? पॉडमन नुसत्या "उबुंटू" वर कधी कधी अडतो, कुठून आणू म्हणून. पूर्ण पत्ता दिला की प्रश्न मिटला.

नॉनइंटरॲक्टिव्हची ओळ नसेल तर मध्येच टाइमझोन विचारणारा पडदा येतो आणि बिल्ड तिथेच ठप्प होतं. मी हा पडदा बघत पाऊण तास बसले होते. नेट हळू आहे असं वाटलं.

अपडेट आणि इन्स्टॉल एकाच ओळीत ठेवा. वेगळे केले तर पुढच्या वेळी पॉडमन जुनं अपडेट साठ्यातून उचलतो आणि पॅकेज सापडत नाही म्हणतो.

आणि इन्स्टॉलच्या दोन ओळी मुद्दाम केल्या आहेत. कुणी शहाणं सांगेल की सगळं एका रनमध्ये घाला, इमेज लहान होते. होते खरी. पण आमच्याकडे लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर झोपतो. पूर्ण झालेली ओळ पॉडमन जपून ठेवतो, अर्धवट राहिलेली पहिल्यापासून. एकच लांबलचक ओळ असेल तर ऐंशी टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर. दोन-तीन तुकडे करा.

कुणी २४.०४ वर हीच कृती करेल तर युजरॲडच्या ओळीवर अडेल, कारण त्या इमेजमध्ये १००० क्रमांकाचा उबुंटू नावाचा युजर आधीच बसलेला असतो. तिथे ती ओळ गाळा आणि तोच युजर वापरा.

आता त्या फोल्डरात जाऊन:

पॉडमन बिल्ड -टी जुनेक्यूजीआयएस .

शेवटी एकटं टिंब आहे, ते विसरू नका.

६. आधी डोळे उघडा

क्यूजीआयएस लगेच चालवू नका. आपण एक्स११-ॲप्स घेतलं ते यासाठी की त्यात एक्सआईज नावाचा चिमुकला प्रोग्रॅम आहे. तो चालला म्हणजे दार, नंबर, ओळख तिन्ही बरोबर. नाही चालला तर निदान चूक क्यूजीआयएसची नाही हे नक्की.

पॉडमन रन --आरएम --युजरएनएस=कीप-आयडी -ई डिस्प्ले -व्ही /टीएमपी/.एक्स११-युनिक्स:/टीएमपी/.एक्स११-युनिक्स जुनेक्यूजीआयएस एक्सआईज

पडद्यावर दोन पांढरे डोळे येतील आणि बुबुळं माउसच्या मागे फिरतील, वेलँडवर मात्र माउस त्या खिडकीवर असतानाच. आमच्या हिंगोलीच्या सहकारी मुलीला मी हे फोनवर करायला लावलं. बराच वेळ नुसता टायपिंगचा आवाज, मग एकदम, "ताई, बघायला लागलं की माझ्याकडं!"

यात कीप-आयडी हा कळीचा शब्द आहे. बाहेरचा तुमचा क्रमांक आतही तोच ठेव, असं तो सांगतो. ओळखीचं काम त्यानंच होतं, आणि आत तयार झालेल्या फाइली बाहेर तुमच्याच मालकीच्या राहतात. डॉकरवर हे न करता काम केलं की फाइली रूटच्या नावावर जातात आणि स्वतःचाच नकाशा डिलीट करायला सुडो लागतो.

डोळे आले नाहीत तर टर्मिनलमध्ये काय लिहिलं आहे ते वाचा:

- "कान्ट ओपन डिस्प्ले" आणि पुढे काहीच नाही: डिस्प्ले व्हेरिएबल गेलं नाही. -ई विसरलात, किंवा डिस्प्ले छोट्या अक्षरांत लिहिलंत.
- "कान्ट ओपन डिस्प्ले" आणि पुढे :१ असा नंबर: दार जोडलेलं नाही. -व्ही च्या ओळीत टिंब किंवा कॅपिटल एक्स चुकला असेल.
- "ऑथरायझेशन रिक्वायर्ड": रखवालदारानं अडवलं. बाहेर, म्हणजे कंटेनरमध्ये नाही, ही कमांड द्या: एक्सहोस्ट +एसआय:लोकलयुजर:तुमचं-लॉगिन-नाव.
- फेडोरावर असाल आणि "परमिशन डिनाइड" येत असेल तर ते एसईलिनक्स या तिथल्या सुरक्षा यंत्रणेचं काम. --सिक्युरिटी-ऑप्ट लेबल=डिसेबल जोडा.

इंटरनेटवर तुम्हाला नुसतं "एक्सहोस्ट +" द्या असा सल्ला मिळेल. देऊ नका. त्यानं रखवालदारालाच घरी पाठवल्यासारखं होतं. मशिनवरचा कुठलाही युजर तुमच्या पडद्याशी बोलू शकतो. आधी कधी दिलं असेल तर "एक्सहोस्ट -" देऊन परत फिरवा.

७. आता खरा प्रोग्रॅम

--आरएम म्हणजे खिडकी बंद केली की कंटेनर पुसून टाक. हे चांगलं आहे, पसारा राहत नाही. पण सेटिंगही पुसली जातात, प्लगइनही. म्हणून आतल्या युजरचं अख्खं घर बाहेरच्या एका फोल्डरात ठेवायचं. होममध्ये नकाशाघर नावाचं फोल्डर करा, जुन्या डिस्कवरचं .क्यूजीस२ फोल्डर त्यात टाका, आणि कामाच्या शेपफाइलीही (नकाशाच्या फाइली) त्यातच. फोल्डर आधी करून ठेवा. नसलं तर पॉडमन चूक दाखवून थांबतो. डॉकर गुपचूप रूटच्या मालकीचं फोल्डर करून ठेवतो, ते जास्त वाईट.

पॉडमन रन --आरएम --युजरएनएस=कीप-आयडी --नेटवर्क=नन --आयपीसी=होस्ट -ई डिस्प्ले -ई टीझेड=एशिया/कोलकाता -व्ही /टीएमपी/.एक्स११-युनिक्स:/टीएमपी/.एक्स११-युनिक्स -व्ही ~/नकाशाघर:/होम/नकाशा जुनेक्यूजीआयएस

नेटवर्क=नन हा माझा हट्ट. २०२३ नंतर दुरुस्त्या न मिळालेल्या प्रोग्रॅमला इंटरनेट कशाला? सॉकेट फाइल आहे, खिडकीला नेटवर्क लागत नाही. मागे उपग्रहाचं चित्र ऑनलाइन हवं असेल तरच हा शब्द काढा. आम्ही चित्र बाहेरच्या नव्या क्यूजीआयएसमधून काढून घेतो आणि जिओटिफ, म्हणजे जागेची माहिती जोडलेली चित्रफाइल, करून आत ठेवतो.

आयपीसी=होस्ट कशासाठी? एक्स आणि प्रोग्रॅम एकाच मशिनवर आहेत असं दिसलं की दोघं चित्रं सॉकेटमधून न पाठवता सामायिक मेमरीत ठेवतात, वेग यावा म्हणून. कंटेनरची सामायिक मेमरी वेगळी असते. प्रोग्रॅम म्हणतो, तिथे ठेवलंय बघ. एक्स बघतो तर काही नाही. मग खिडकी येते पण आत करडा रिकामा चौकोन, किंवा टर्मिनलमध्ये "बॅडॲक्सेस" लिहून सगळं कोसळतं. हा शब्द घातला की दोघांची मेमरी एक होते. खोलीची एक भिंत यानं पाडली जाते हे खरं, ते मी जाणून पत्करलं आहे. ब्राउझर कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनी हा शब्द न घालता --एसएचएम-साइझ वाढवून बघावं, कारण मुळात तिथे फक्त ६४ एमबी असते आणि टॅब मरत राहतात.

टीझेड म्हणजे टाइमझोन. तो शब्द नसेल तर आतलं घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं आणि नकाशावरची छापील वेळ चुकते.

ब्लेंडरसारख्या त्रिमितीच्या प्रोग्रॅमला --डिव्हाइस /डेव्ह/डीआरआय जोडा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मिळेल. क्यूजीआयएस २ ला त्याची गरज नाही.

प्लगइन चाललं की आधी जुन्या, आकडे माहीत असलेल्या एका शिवारावर चालवून ताडून बघा. कंटेनरशी संबंध नाही तरी सांगते: यूटीएम या पद्धतीत मोजमापासाठी पृथ्वीचे उभे पट्टे केलेले असतात. आपला जवळजवळ सगळा मराठवाडा त्यातल्या ४३ व्या पट्ट्यात बसतो, कोड ३२६४३. पण नांदेडमधलं किनवट ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे आहे, तिथे ४४ वा पट्टा, कोड ३२६४४. नवं मशीन, नवी मांडणी म्हटल्यावर आकडा जुळला नाही की कंटेनरवर खापर फुटतं. आधी हे बघा.

८. मराठी अक्षरं

लेबलं चौकोनी डब्यांसारखी दिसली तर आत देवनागरी फॉन्ट नाही. लहान इमेजमध्ये फॉन्ट जवळपास नसतातच, म्हणून आपण लोहित घातला. गावाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं आली, किंवा मराठी नावाची फाइल उघडेना, तर लँगची ओळ राहिली.

टायपिंगचं थोडं वेगळं आहे. सिस्टिमच्या कीबोर्ड लेआउटमधून इनस्क्रिप्ट किंवा कगप निवडून लिहीत असाल तर लेआउट एक्सच्या बाजूला असतो, कंटेनरला वेगळं काही द्यावं लागत नाही. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून उच्चारानुसार लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत, कारण आयबसशी बोलायला आत डीबसचा (प्रोग्रॅमांमधल्या निरोपांची वाट) सांधा लागतो. मी तो जोडत बसले नाही. बाहेर टाइप करते, कॉपी करते, आत पेस्ट करते.

छपाईचंही तसंच. प्रिंटर आत जोडू नका. पीडीएफ काढा, नकाशाघरात ठेवा, बाहेरून छापा.

९. आयकॉन करा, नाहीतर कुणी वापरणार नाही

ऑफिसातल्या बाकीच्यांना मी एवढी लांब ओळ टाइप करायला सांगितली असती तर लॅपटॉप माझ्या अंगावर आला असता. ती ओळ एका फाइलमध्ये ठेवा, पहिली ओळ #!/बिन/बॅश, आणि ती चालवता यावी म्हणून सीएचमॉड +एक्स करा. मग होममधल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये .डेस्कटॉप फाइल करून तिच्या एक्झेक समोर त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. इथे ~ चालत नाही, /होम/ पासून लिहा.

लेखांतून उचललेल्या ओळीत बहुधा -आयटी असतं, कंटेनर टर्मिनलला जोडून ठेवणारं. टर्मिनलमध्ये ते चालतं, पण डॉकरवर आयकॉनवरून उघडताना तेच आडवं येतं: मागे टर्मिनल नसल्यानं प्रोग्रॅम गपकन मरतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. वरच्या ओळींत म्हणूनच मी ते ठेवलेलं नाही.

१०. कडी किती पक्की

एक्सचा स्वभाव असा की एका पडद्यावरचे प्रोग्रॅम एकमेकांच्या कळा वाचू शकतात, खिडक्यांचे फोटो काढू शकतात. खोलीला कडी लावली तरी पडद्यावर भाडेकरू तुमच्या शेजारीच बसलेला असतो. वेलँडवर हे थोडं आवळलं जातं, तिथे एक्सवेलँडमधले प्रोग्रॅम एकमेकांपुरतेच बघू शकतात. ओळखीच्या, विश्वासाच्या प्रोग्रॅमला मी एवढ्यावर सोडते.

कुठून आला माहीत नाही असा प्रोग्रॅम असेल तर झेफिर बसवा, पॅकेजचं नाव एक्ससर्व्हर-झेफिर. तो तुमच्या पडद्यावर एका खिडकीत दुसरा, स्वतंत्र एक्स उघडतो. झेफिर :५ -स्क्रीन १२८०x८०० असं चालवा, मग कंटेनरला -ई डिस्प्ले=:५ द्या आणि अख्खं सॉकेट फोल्डर न जोडता त्यातली फक्त एक्स५ ही फाइल जोडा. यात कॉपी-पेस्ट आतबाहेर होत नाही. आणि --नेटवर्क=होस्ट चुकूनही देऊ नका: एक्स सॉकेट फाइलखेरीज नेटवर्कच्या बाजूनंही एका अदृश्य सॉकेटवर ऐकत असतो, त्यामुळे फाइल न जोडताही मुख्य पडद्याची वाट उघडते.

डिस्ट्रोबॉक्स या कंटेनर जोडून देणाऱ्या साधनाचं नाव तुम्ही ऐकाल. सोयीचं आहे, दार-नंबर-ओळख सगळं स्वतः जोडतं, आयकॉनही बाहेर काढून देतं. पण तुमचं अख्खं होम फोल्डर आत उघडं ठेवतं. सोय म्हणून घ्या, कुंपण म्हणून नको.

११. दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायचं

हिंगोलीला पुन्हा सगळं उतरवत बसलो नाही. इकडे पॉडमन सेव्ह -ओ क्यूजीस.टार जुनेक्यूजीआयएस, पेनड्राइव्ह एसटीनं तिकडे, तिथे पॉडमन लोड -आय क्यूजीस.टार. लोड झालेल्या इमेजचं नाव पॉडमन इमेजेस म्हटलं की दिसतं, पुढे लोकलहोस्ट/ लागलेलं असतं, त्यात बिघडलेलं काही नाही. सोबत कंटेनरफाइल, चालवायची फाइल आणि नकाशाघरातलं .क्यूजीस२ फोल्डर द्या. तिकडच्या युजरचा क्रमांक १००० आहे ना, हे फोनवर आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं, तिचा १००१ निघाला आणि संध्याकाळ त्यात गेली. तिच्यासाठी कंटेनरफाइलमधला आकडा बदलून फक्त शेवटच्या ओळी पुन्हा बिल्ड केल्या, इन्स्टॉलच्या ओळी जपलेल्या होत्या म्हणून नेट लागलंच नाही. दोन टार फाइली आता ऑफिसच्या कपाटात वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर आहेत, वर चिकटपट्टीवर क्रमांक लिहून.